चीटशीट, डायग्राम, पोस्टर सगळं जमवलंय पण परीक्षेत काहीच आठवत नाही, काय चुकतंय?

ढगाळ_हवामान:
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीये, सांभाळून घ्या. सपोर्टमधून क्लाउडकडे वळायचं म्हणून एडब्ल्यूएसची (अमेझॉनचा क्लाउड) सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा दिली, सध्याची सी०३ वाली, आणि मिळाले ६८४. पास व्हायला १००० पैकी ७२० लागतात म्हणजे काठावर येऊन बुडालो. नुसतं वाचून माझ्या डोक्यात काही राहत नाही हे मला शाळेपासून माहितीये म्हणून ह्यावेळी सगळी तयारी चित्रांवरच केली होती. एक फोल्डर आहे ज्यात दोनशेच्या वर डायग्राम आहेत, भिंतीवर मोठं पोस्टर लावलंय ज्यावर सगळ्या सर्व्हिसेसचे आयकॉन आहेत, माइंड मॅप आहेत, आणि बघितलं की सगळं कळतं हो, खरंच कळतं. पण परीक्षेत प्रश्न आला की प्रायव्हेट सबनेटमधल्या (नेटवर्कचा इंटरनेटशी थेट न जोडलेला तुकडा) सर्व्हरला बाहेरून पॅच डाउनलोड करता आले पाहिजेत पण बाहेरून कोणी आत यायला नको, आणि पर्यायांत नॅट गेटवे (आतल्यांना बाहेर नेणारा दरवाजा) दोनदा, एकदा पब्लिक सबनेटमधे ठेवलेला आणि एकदा प्रायव्हेटमधे, झालं, तिथे मी ठप्प. रोज पोस्टरवर तो चौकोन बघत होतो आणि तो कुठल्या खोक्यात होता ते आठवेना. रंग आठवत होता. जांभळा.
तर विचारायचं हे की चांगलं व्हिज्युअल गाइड कुठलं, की माझी पद्धतच चुकतेय? वाचनावर जा असं कृपया सांगू नका, करून झालंय.

राउट_टेबल:
रंग आठवला, जागा नाही आठवली. तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत की.
पोस्टरवर वस्तू असतात, प्रवास नसतो. परीक्षेत मात्र जवळपास प्रत्येक नेटवर्कचा प्रश्न प्रवासाचाच असतो, पॅकेट इथून निघालं ते तिथे पोचेल का. म्हणून आयकॉन सोडा, साधे चौकोन काढा आणि बाण काढा. तुमचाच प्रश्न घ्या. मोठा चौकोन व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधलं आपलं खाजगी नेटवर्क, पत्ते १०.०.०.०/१६. आत दोन सबनेट, एक पब्लिक एक प्रायव्हेट. आता सर्व्हरवर बोट ठेवा आणि निघा. सर्व्हर पहिल्यांदा काय बघतो, तर आपल्या सबनेटचं राउट टेबल, म्हणजे कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं ती यादी. तिथे लिहिलंय ०.०.०.०/० म्हणजे बाकी सगळं नॅटकडे. गेलो नॅटकडे. आता नॅट पण कुठल्यातरी सबनेटमधेच बसलाय ना, मग तो त्याच्या सबनेटचं राउट टेबल बघणार. तो पब्लिकमधे असेल तर तिथे ०.०.०.०/० इंटरनेट गेटवेकडे जातं, पॅकेट बाहेर पडलं. तोच नॅट प्रायव्हेटमधे ठेवलात तर त्या टेबलात इंटरनेट गेटवे नाहीच, तिथलं ०.०.०.०/० परत नॅटकडेच बोट दाखवतंय. बाण जागच्या जागी फिरत बसला. हे एकदा बोटाने करून बघितलं की नॅट कुठे ठेवायचा हे पाठ करावंच लागत नाही. आणि बाहेरून आत का येता येत नाही तर नॅट फक्त आतून सुरू झालेल्या बोलण्याचं उत्तर आत सोडतो, नवं बोलणं बाहेरून सुरूच करू देत नाही.
असंच सिक्युरिटी ग्रुप आणि नॅकलचं, दोन्ही म्हणजे कोणाला आतबाहेर सोडायचं त्याचे नियम. सगळ्या व्हिडिओत ते वॉचमनचं उदाहरण असतं, मला त्याचा कंटाळा आलाय. त्यापेक्षा बाण मोजा. सिक्युरिटी ग्रुप सर्व्हरला चिकटलेला, तो स्टेटफुल, त्याला जाण्याचा एक बाण परवानगीचा दिला की परतीचा आपोआप. नॅकल सबनेटच्या कडेवर, तो स्टेटलेस, त्याला दोन्ही बाण वेगवेगळे द्यावे लागतात आणि परतीचा बाण १०२४ ते ६५५३५ मधल्या कुठल्यातरी पोर्टवर येतो. नॅकलमधे ४४३ (वेबसाइटचा पोर्ट) उघडला तरी साइट उघडत नाही हा प्रश्न आला की पहिल्यांदा परतीचा बाण शोधायचा. आणि नॅकलमधे नियम नंबराप्रमाणे, लहान नंबर आधी, जो पहिला जुळला तो लागू, पुढचे बघतही नाही.

कोरा_कागद:
वरच्या दादांशी सहमत पण एक गोष्ट जोडते. चित्र कोणी काढलं ह्यापेक्षा काढताना समोर काय होतं हे महत्त्वाचं. २०११ साली सायन्स ह्या जर्नलमधे कार्पिकी आणि ब्लंट ह्यांचा प्रयोग आला होता. त्यात काही विद्यार्थ्यांनी धडा समोर ठेवून कॉन्सेप्ट मॅप काढले, काहींनी धडा वाचून, बंद करून, आठवेल तेवढं लिहून काढलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. गंमत म्हणजे परीक्षेतच कॉन्सेप्ट मॅप काढायला सांगितला तरी तेच पुढे. म्हणजे दोनशे डायग्राम समोर ठेवून तुम्ही काय करत होतात तर ओळखत होतात, आठवत नव्हतात. ओळखणं फार सोपं असतं हो, बघितलं की वाटतं येतंय आपल्याला.
मी असं केलं. एकूण बाराच चित्रं ठरवली, तेराव्याला जागाच नाही. चित्र पाच मिनिटं बघायचं, उलटं ठेवायचं, कोऱ्या कागदावर काढायचं, मग ताडून बघायचं आणि जे चुकलं तेवढंच लाल पेनाने. कागद फेकून द्यायचा (हे जिवावर येतं, सुंदर काढलेला असतो, पण फेकायचाच). दोन दिवसांनी परत, मग आठवड्याने परत. लाल पेन लागलं नाही की ते चित्र झालं. माझं आयएएमचं (कोणाला कशाची परवानगी ते ठरवणारी सर्व्हिस) चित्र सहा वेळा लाल झालं. सुरुवात नकारापासून, मग कुठे स्पष्ट नकार लिहिलाय का, असेल तर तिथेच संपलं, कितीही परवानग्या असू देत, आणि नसेल तर परवानगी शोधायची, ती पण नसली तर नकारच. किती साधं आहे, पण दर वेळी मी परवानगीचा चौकोन आधी काढायचे.
आणि शेवटच्या आठवड्यात पेन पण बंद. घरून ऑनलाइन परीक्षा देणार असाल तर कागद पेन जवळ ठेवू देत नाहीत, तेव्हा डोळे मिटून काढायची सवय हवी.

ढगाळ_हवामान:
ओळखणं आणि आठवणं, हे वाचून जरा लाजच वाटली. पण बारा चित्रांत बसणार कसं, सर्व्हिसेसच इतक्या आहेत. एस थ्रीचे (फाइल साठवण) क्लासेस, एसक्यूएसचे (मेसेजची रांग) आकडे, हे सगळं बाणांनी कसं काढू? आणि चित्रकलेच्या नावाने बोंब आहे आपली.

तक्ताप्रेमी:
नका काढू. इथे मी वरच्या दोघांशी थोडा भांडणार आहे. प्रत्येक गोष्टीचं चित्र करायचा हट्ट हाच चित्रवाल्या लोकांचा रोग आहे. ज्यात काहीतरी एकीकडून दुसरीकडे जातं किंवा काहीतरी कशाच्या तरी आत असतं त्याचंच चित्र करा. नेटवर्क, आयएएम, लोड बॅलन्सरच्या मागचा ऑटो स्केलिंग ग्रुप (लोडप्रमाणे कमीजास्त होणारे सर्व्हर), रांगेतून लॅम्डाकडे (सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी सर्व्हिस) जाणारे मेसेज, आरडीएस म्हणजे डेटाबेसची सर्व्हिस. आरडीएसचं तर जरूर करा कारण मल्टी एझेड (दुसऱ्या झोनमधे, म्हणजे वेगळ्या डेटा सेंटरमधे, राखीव प्रत) आणि रीड रेप्लिका (वाचायची प्रत) मधे सगळे गंडतात. दोन्हीकडे दुसरा डेटाबेस दिसतो म्हणून चित्र सारखंच दिसतं, फरक बाणात आहे. नेहमीच्या दोन डेटाबेसवाल्या मल्टी एझेडमधे स्टँडबायकडे (राखीव प्रत) जाणारा बाण सिंक्रोनस, म्हणजे सोबतच लिहिणारा, आणि अॅप्लिकेशनकडून स्टँडबायकडे बाणच नाही, तो वाचायला मिळत नाही, मुख्य पडला की त्याची जागा घ्यायला आहे. रेप्लिकाकडे बाण असिंक्रोनस, म्हणजे मागाहून पोचणारा, आणि वाचणारे तिकडे जातात. वाचनाचा लोड कमी करायचाय म्हटलं की मल्टी एझेडवर टिक करायचा मोह तिथेच संपतो.
आकडे मात्र फ्लॅशकार्डवर. एसक्यूएस मेसेज मुळात ४ दिवस राहतो, जास्तीत जास्त १४. व्हिजिबिलिटी टाइमआउट (एकाने उचललेला मेसेज इतरांना दिसत नाही तो वेळ) मुळात ३० सेकंद, वाढवून १२ तास. लॅम्डा जास्तीत जास्त १५ मिनिटं, त्यावरचं काम असलं की लॅम्डावाला पर्याय खोडायचा. ह्याचं चित्र काढून काय मिळणार? एस थ्रीला एक उतरती रेघ पुरते, वर स्टँडर्ड, खाली डीप आर्काइव्ह, आणि कडेला किमान किती दिवस ठेवायचं ते, आयए (क्वचित लागणाऱ्या फाइलींचा क्लास) ३०, ग्लेशियर ९०, डीप आर्काइव्ह १८०. बस.
आणि वेळ वाटून घ्या. परीक्षेच्या गाइडमधे वजन दिलेलं असतं, सिक्युरिटी ३० टक्के, रेझिलियन्स २६, परफॉर्मन्स २४, खर्च २०. माझ्या ओळखीचे बरेच जण सगळा वेळ परफॉर्मन्सच्या देखण्या डायग्रामवर घालवतात कारण त्या बघायला मजा येते आणि केएमएस (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी सर्व्हिस) आयएएमच्या कोरड्या चित्रांना हात लावत नाहीत.

जुनाट_पोस्टर:
मला एक भीती आहे ती सांगतो. तुमच्या त्या दोनशे इमेजमधे किती जुन्या आहेत ते बघा. लेखात निदान तारीख असते, फिरत फिरत आलेल्या इमेजवर काही नसतं. मी ज्या चीटशीटवरून शिकलो तिच्यात एस थ्रीमधे ओव्हरराइट केल्यावर थोडा वेळ जुनी फाइल दिसू शकते असं ठळक लिहिलं होतं, आणि ते डिसेंबर २०२० पासून खरं नाही, तेव्हापासून स्ट्राँग कन्सिस्टन्सी आहे, म्हणजे लगेच नवीच फाइल दिसते. मी हे ऑफिसमधे मीटिंगमधे ठासून सांगितलं होतं, पुढचं विचारू नका.
माझी युक्ती अशी की नावं बघायची. एडब्ल्यूएस एसएसओ लिहिलं असेल तर ते २०२२ च्या आधीचं, त्याचं नाव आता आयएएम आयडेंटिटी सेंटर. अझ्युर अॅक्टिव्ह डिरेक्टरी लिहिलं असेल तर २०२३ च्या आधीचं, आता ते एंट्रा आयडी. नुसतं नाव जुनं म्हणून चित्र लगेच टाकू नका पण बाकीचं पण एकदा डॉक्युमेंटेशनशी ताडून घ्या. आयकॉन हवेच असतील तर एडब्ल्यूएस स्वतःच फुकट देतं, ड्रॉ डॉट आयओमधे पण तयार लायब्ररी आहे. ज्यांना हात वळत नाही त्यांनी तिथे चौकोन ओढावेत, पण आयकॉन शोधण्यात रात्र गेली असं नको.

तीन_ढग:
एडब्ल्यूएस झाल्यावर दुसऱ्या क्लाउडकडे जाणाऱ्यांसाठी, आपलं पाठ झालेलं चित्र तसंच उचलू नका हो. मी गुगलच्या असोसिएट क्लाउड इंजिनीअरला बसले तेव्हा डोक्यात एडब्ल्यूएसचं घट्ट बसलं होतं, रीजनच्या (मोठा भौगोलिक भाग) आत व्हीपीसी, झोनच्या आत सबनेट. गुगलमधे व्हीपीसी ग्लोबल असते आणि सबनेट रीजनचं. म्हणजे सगळ्यात बाहेरचा चौकोन व्हीपीसीचाच आणि रीजन त्याच्या आत. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरमधे व्हीनेट (तिथली व्हीपीसी) रीजनचं पण सबनेट झोनला बांधलेलं नसतं. आणि अझ्युरचा एनएसजी (नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप) सबनेटला पण लागतो नेटवर्क कार्डला पण लागतो, स्टेटफुल आहे पण त्यात नकाराचे नियम पण लिहिता येतात, म्हणजे वरच्या सिक्युरिटी ग्रुप आणि नॅकलच्या चित्रात तो कुठेच धड बसत नाही. तीन कागद शेजारी ठेवून फक्त चौकोनात चौकोन काढायचे, बाकी काही नाही. दोन महिन्यांचा गोंधळ मला अर्ध्या तासात कळला.

ठिपके_आणि_रेघा:
छोटीशी विनंती, जे लोक गाइड बनवून शेअर करतात त्यांना. मला लाल हिरवा फरक दिसत नाही. अलाउ हिरवा डिनाय लाल असं असलं की माझ्यासाठी दोन्ही मातकट. परवानगीची सलग रेघ, नकाराची तुटक रेघ आणि टोकाला फुली केलीत तर फोटोकॉपीत पण कळेल. मी स्वतः रंगाशिवाय शिकलो आणि खरं सांगू, त्यामुळे जांभळा आठवून जागा विसरायचा प्रश्नच आला नाही.

ढगाळ_हवामान:
ठिपकेसाहेब, नेम बरोबर बसला. पोस्टर काढलं भिंतीवरून. नापास झाल्यावर १४ दिवस परत बसता येत नाही तर तेवढ्यात बारा चित्रं करतो, यादी सात पर्यंत आलीये. आज पहिलं कोऱ्या कागदावर काढलं, नॅट बरोबर पब्लिकमधे पडला. फक्त दोन झोन काढले होते आणि दुसऱ्या झोनच्या प्रायव्हेट सबनेटचा बाण पण पहिल्या झोनमधल्या नॅटकडेच नेला, एकच नॅट काढला होता. हे चालतं का?

राउट_टेबल:
चालतं. आता पहिला झोन पडला असं समजा आणि त्याच्यावर फुली मारा. दुसऱ्या झोनमधला सर्व्हर धडधाकट आहे पण त्याचा बाण कुठे जातोय बघा. शिवाय सगळं नीट चालू असताना पण झोन ओलांडणाऱ्या डेटाचे पैसे लागतातच. म्हणून प्रत्येक झोनला आपला नॅट आणि प्रत्येक प्रायव्हेट सबनेटला वेगळं राउट टेबल. लाल पेन घ्या. आणि हो, परत बुक करायच्या आधी खात्यात जाऊन इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांसाठीची ३० मिनिटांची सवलत मागून घ्या, १३० मिनिटांत ६५ प्रश्न आणि ते एवढे लांबलचक, ती बुकिंगनंतर मागून उपयोग नाही.

ढगाळ_हवामान:
ही सवलत असते??? कोणी बोललंच नाही इतके दिवस. बुकिंग अजून केलं नाहीये, वाचलो.