चित्त्याच्या जुन्या कातड्यातून चित्ता परत आणता येईल का? (कादंबरीसाठी शंका)

निपाणीकर:
नमस्कार मंडळी. मी एक विज्ञान कादंबरी लिहीत असून तिचे कथानक चिकोडी-अथणीकडच्या माळरानावर घडते. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. माझ्या कथेत निपाणीतील एका वाड्याच्या माळ्यावर संस्थानी काळातले चित्त्याचे कातडे सापडते आणि त्यातील डीएनएवरून बेळगावातील एक प्रयोगशाळा तो प्राणी पुन्हा जन्माला घालते. चार प्रकरणे झाली, परंतु पिल्लू जन्मण्याचा प्रसंग माझा मलाच पटत नाही. नेमके कुठे चुकते आहे?

खानापूरचा वाचक:
चूक कातड्यापासूनच सुरू होते. कातडे कमावताना डीएनएचे बारीक तुकडे होतात. त्यांवरून जनुकांचा क्रम वाचता येईलही, पण क्लोनिंगला शाबूत केंद्रक असलेली पेशी लागते. स्पेनमधील बुकार्डो ही रानबकरी २००० साली संपली, मात्र शेवटच्या मादीच्या कानाचा तुकडा आदल्या वर्षीच काढून गोठवून ठेवला होता, म्हणून २००३ मध्ये तिचे पिल्लू जन्मले, आणि तेही फुप्फुसातील दोषामुळे काही मिनिटांतच दगावले. तुमच्या वाड्यात गोठवलेले काहीच नाही. तेव्हा आफ्रिकी चित्त्याच्या पेशीत एकेक जनुक बदलत जाणे एवढाच मार्ग उरतो. (आशियाई चित्ते इराणात अजून थोडे शिल्लक आहेत, हे एखाद्या पात्राने बोलून दाखवायला हवे.)

टिळकवाडीची वाचक:
दादा, मला निराळीच अडचण दिसते. कोल्हापूर दरबारी चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. चित्तेवान डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर नेई आणि कळप दिसताच टोपी काढून त्याला सोडी. परंतु देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून मागवले. वाड्यातले कातडेच आफ्रिकी निघाले तर? वर्षानुवर्षे खपून घडवलेला ‘देशी’ चित्ता आणि २०२२ साली नामिबियाहून कुनोत आणलेले चित्ते एकाच कुळीचे ठरतील.

निपाणीकर:
ताई, हे मला सुचलेच नव्हते. पण उपजात तर पहिल्याच चाचणीत कळेल, म्हणजे तो अहवाल कोणीतरी दडपायला हवा. कातडे विकू पाहणाऱ्या वाड्याच्या मालकाने दडपला तर?

खानापूरचा वाचक:
१९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला ते विकताच येणार नाही. अहवाल प्रयोगशाळेच्या संचालकांनाच दडपू द्या. अनुदान त्यांना हवे आहे.