मदत हवी आहे: दूध बिलात पैशाचा फरक, राउंडिंग ओळीवर की बेरजेवर?

नमस्कार मंडळी,

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी पायथनमध्ये संकलनाचा प्रोग्रॅम लिहितोय. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) टाकलं की दरतक्त्यातला दर लागतो आणि पावती निघते. बिल दहा दिवसांनी.

फ्लोट, म्हणजे दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार, आधीच काढून टाकलाय (२.६७५ राउंड केले की २.६७ येतात, कारण आत तो आकडा २.६७४९९९... असा बसतो). आता सगळं डेसिमलमध्ये, म्हणजे दशांश आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या प्रकारात आहे. तरी ३.७५ लिटर गुणिले ४८.३० म्हणजे १८१.१२५, आणि क्वांटाइझ (ठरावीक दशांश स्थळांपर्यंत राउंड करणारं फंक्शन) देतं १८१.१२. सचिवांच्या हिशेबात १८१.१३. राउंड हाफ अप (बरोबर अर्धा आला की शून्यापासून दूर नेणारी पद्धत) दिल्यावर ते जुळलं. पण सकाळ-संध्याकाळ धरून वीस पावत्यांची बेरीज आणि एकूण रकमेवर केलेलं राउंडिंग जुळत नाही. सभासद पावत्या जपून ठेवतात, स्वतः बेरीज करतात. पैशापैशाचा हिशेब त्यांना चोख मिळायलाच हवा. बरोबर पद्धत कुठली?

आणखी एक. चुकीची नोंद उलटवायला उणे रक्कम टाकतो. मोबाइल ॲप जावास्क्रिप्टमध्ये आहे, तिथे कधी कधी एक पैसा शिल्लक राहतो.

उत्तर:

दादा, सभासदाच्या हातात जो आकडा गेला तोच खरा. पावती छापतानाच राउंड करा, तीच रक्कम डेटाबेसमध्ये ठेवा आणि बिलात त्याच रकमांची बेरीज घ्या. पुन्हा लिटर गुणिले दर करू नका. प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त अर्धा पैसा हलतो, म्हणजे वीस ओळींत फार तर दहा पैसे. संस्थेला ते जड नाही, पण न जुळणारी बेरीज विश्वास घालवते. दिवाळीचा दूध फरक (सभासदांना दुधावर मिळणारी जादा रक्कम) मात्र टक्क्यावर असेल तर एकूण रकमेवर एकदाच काढा.

१८१.१२ येत होते कारण डेसिमल मुळात बरोबर अर्ध्यावरचा आकडा सम अंकाकडे नेतं. पद्धत प्रत्येक ठिकाणी लिहू नका, एकच फंक्शन ठेवा. आकडे स्ट्रिंगमधूनच, म्हणजे मजकूर म्हणून द्या; फ्लोटवरून डेसिमल केलं तर कचराही सोबत येतो.

ॲपचं कारण वेगळं. जावास्क्रिप्टचं मॅथ.राउंड २.५ चे ३ करतं, पण उणे २.५ चे उणे २. पायथनचं हाफ अप उणे ३ देतं, म्हणून तिथे नोंद बरोबर रद्द होते. ॲपमध्ये हिशेब ठेवूच नका. सर्व्हरवरून रक्कम पूर्ण पैशांत पाठवा, १८१.१३ ऐवजी १८११३, आणि उलट नोंद करताना मूळ ओळीची साठवलेली रक्कमच उणे करा.