उघाडीवर बसा

एकाने विचारलंय, वादळ ओसरल्यावर लगेच जिताड्याला (खाडीतल्या मोठ्या माशाला) गळ टाकावा का? माझं मत, दोन दिवस थांबा. पहिल्या दिवशी खाडीत पालापाचोळा नि ओंडकेच वाहत येतात, दोरी अडकून तुटते. (निसर्ग वादळानंतर मी पहिल्याच दिवशी गळ टाकून हेच करून बसलो.)

पाणी चहासारखं गढूळ असलं तरी हरकत नाही, जिताड्याला गोडं पाणीही चालतं. ओहोटी लागली की खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, कोळंबी, बोयटं (लहान मासे) बाहेर फेकली जातात; जिताडा धारेच्या कडेला, संथ पाण्यात टपून असतो. गळाला जिवंत कोळंबी लावून तिथेच सोडा. टोकाला जाड दोरी हवीच, त्याच्या कल्ल्याचं झाकण पात्यासारखं कापतं. आणि बांध खचलेला असेल तर त्यावर चढू नका.