३/८ चा भागाकार संपतो, मग ५/७ चा का संपत नाही?

प्रश्न : पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

नमस्कार. माझी मुलगी यंदा आठवीत आहे. व्यवहारी अपूर्णांकाचे दशांश रूप करताना अंशाला छेदाने भागायचे, हे तिला पक्के ठाऊक आहे आणि ३/८ सारखे उदाहरण ती न अडखळता सोडवते. परंतु ५/७ घेतले की भागाकार चालूच राहतो आणि नेमके कुठे थांबावे हे तिला कळत नाही. भागाकार संपणार की नाही, हे आधीच ओळखता येते का? आणि न संपणारे उत्तर ०.७१ असे दोन स्थळांपर्यंत लिहिले तर ते बरोबर धरावे का? आणखी एक अडचण अशी की ३/४० चे उत्तर ती कधी ०.७५ तर कधी ०.०७५ लिहिते. हा गोंधळ कसा दूर करावा, हेही कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त गणित शिक्षक, राजारामपुरी

ताई, तुमच्या मुलीला भागाकारात केवळ वरच्या आकड्यांकडे न पाहता प्रत्येक पायरीला उरणाऱ्या बाकीकडे लक्ष द्यायला सांगा. भागाकार संपणार की नाही, हे बाकीच ठरवते.

५/७ मध्ये ५ ला ७ ने भाग जात नाही, म्हणून दशांशचिन्ह देऊन शून्य घेतले की ५० होतात. सात साते एकोणपन्नास, बाकी १. पुढे १० मधून बाकी ३, मग ३० मधून २, २० मधून ६, ६० मधून ४ आणि ४० मधून बाकी ५. इथे तिने थांबावे, कारण ज्या ५ पासून सुरुवात केली तोच ५ परत आला आहे आणि यापुढे प्रत्येक पायरी पहिल्यासारखीच होणार आहे. म्हणून उत्तर ०.७१४२८५ असून हे सहा अंक त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येत राहतात. ते दाखवण्यासाठी त्या सहाही अंकांवर आडवी रेघ काढायची. ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच उरू शकते, त्यामुळे सहा पायऱ्यांच्या आत एखादी बाकी परत येणे अटळ आहे. बाकी शून्य आली तर रूप खंडित आणि जुनी बाकी परत आली तर अखंड आवर्ती. तिसरी शक्यताच नाही.

आधीच ओळखायचे असेल तर प्रथम अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्यावे आणि मग छेदाचे मूळ अवयव पाडावेत. १० चे मूळ अवयव २ आणि ५ हेच आहेत, म्हणून ज्या छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नाही, त्यालाच योग्य संख्येने गुणून १०, १००, १००० असे करता येते. ८ ला १२५ ने गुणले की १००० होतात, म्हणून ३/८ म्हणजे ३७५/१००० अर्थात ०.३७५. संक्षिप्त रूपाची पायरी मात्र मुले हमखास गाळतात. ६/१५ च्या छेदात ३ दिसतो म्हणून ती त्याला आवर्ती ठरवून मोकळी होतात, पण तो अपूर्णांक २/५ म्हणजे ०.४ एवढाच आहे. छेदात २ किंवा ५ बरोबर दुसराही अवयव असेल, तर सुरुवातीचे काही अंक सोडून पुढे आवर्तन सुरू होते. उदाहरणार्थ ७/१२ म्हणजे ०.५८३३३…, ज्यात फक्त ३ आवर्ती आहे.

३/४० बद्दल : ३० ला ४० ने भाग जात नाही, तेव्हा भागाकारात शून्य लिहूनच पुढचे शून्य घ्यायचे, मग ३०० मधून ७ आणि बाकी २०, पुढे २०० मधून ५. याशिवाय भागाकाराआधीच अंदाज करण्याची सवय लावावी. ४/४० म्हणजे एक दशांश आणि ३/४० त्याहून लहान, म्हणून दशांशचिन्हानंतर पहिले शून्य यायलाच हवे.

उत्तर : शेतकरी, करवीर तालुका

सरांनी घेतलेला ४० हा छेद आम्हाला रोज लागतो, कारण एका एकराचे ४० गुंठे होतात. एक एकर पंधरा गुंठे हे क्षेत्र पुष्कळ जण १.१५ असे लिहून ठेवतात. तशी खूण म्हणून ते चालते, पण तोच आकडा कॅल्क्युलेटरवर गुणाकाराला घेतला की हिशेब बिघडतो. १५/४० म्हणजे ३/८, म्हणून ते क्षेत्र १.३७५ एकर आहे. एकरी ४० टन ऊस धरला तर ५५ टन व्हायला हवेत, आणि १.१५ ने गुणल्यास ४६ टनच दिसतात.

दोन स्थळांपर्यंत लिहिण्याविषयीही सांगतो. एका एकराचे तीन भावांत समान वाटे केले तर प्रत्येकाला १३ पूर्णांक १/३ गुंठे येतात. ते १३.३३ धरून तिप्पट केले की ३९.९९ होतात. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास ११ चौरस फूट जागा कागदावरून नाहीशी होते. म्हणून हिशेब चालू असताना १/३ तसाच ठेवावा आणि स्थळे तोडायची ती शेवटच्या उत्तरातच तोडावीत.

प्रश्नकर्त्या पालक

दोघांचेही मनापासून आभार. काल मुलीने बाकी लिहीत लिहीत १/१३ सोडवले. बाकी १२ प्रकारची उरू शकते, म्हणून १२ अंक येतील अशी तिची अपेक्षा होती, पण सहाच अंकांनंतर आवर्तन झाले. तिचे काही चुकले का?

उत्तर : निवृत्त गणित शिक्षक, राजारामपुरी

अजिबात नाही. छेदापेक्षा एकने कमी ही आवर्ती अंकांची कमाल मर्यादा आहे, तेवढे अंक आलेच पाहिजेत असे नाही. १/१३ म्हणजे ०.०७६९२३, आणि त्यात १०, ९, १२, ३, ४, १ या सहाच बाक्या फिरतात. आता तिला २/१३ करायला सांगा. तिथे ०.१५३८४६ येईल आणि पहिल्या वेळी न आलेल्या ७, ५, ११, ६, ८, २ या बाक्या दिसतील. उरलेल्या कोणत्याही अंशाला १३ ने भागले तरी याच दोन साखळ्यांपैकी एक मिळते, फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून होते. याउलट १/१७ मध्ये सोळाच्या सोळा बाक्या एकाच साखळीत येतात. वहीचे मोठे पान घेऊन तिने तेही अवश्य करून पाहावे.

०.७१ बद्दल एवढेच की प्रश्नात 'दोन दशांश स्थळांपर्यंत' असे म्हटले असेल तर ते उत्तर बरोबर आहे. नुसते 'दशांश रूप लिहा' असे विचारले असेल, तर रेघेसह पूर्ण आवर्ती रूपच लिहावे.