मालिकेतली पुस्तकं कुठल्या क्रमानं वाचावीत? रविवारी नंबर चिकटवायचेत, मत सांगा

शहापूरकर
आमच्या गल्लीत मंडळाच्या खोलीत आम्ही मुलांसाठी पुस्तकांचं एक कपाट चालवतो. बरीचशी पुस्तकं बेळगावजवळच्या कडोली आणि येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांतल्या स्टॉलवरून घेतलेली, काही लोकांनी आणून दिलेली. या रविवारी मालिकेतल्या पुस्तकांच्या पाठीवर नंबरच्या चिठ्ठ्या लावायचं ठरलं आणि तिथंच वाद झाला. नंबर कुठला घालायचा? पुस्तक ज्या साली निघालं त्याप्रमाणे, की गोष्टीत जे आधी घडतं त्याप्रमाणे?

माझं मत पक्कं आहे. जसं निघालं तसंच वाचावं. दुसरं पुस्तक लिहिताना लेखकानं वाचकाच्या हातात पहिलं गेलंय हे धरलेलं असतं. शेरलॉक होम्सचं बघा. त्याची अगदी पहिली केस 'ग्लोरिया स्कॉट' या कथेत आहे, पण ती छापून आली १८९३ मध्ये. गोष्टीचा क्रम पाळायचा म्हटला तर मुलाला सुरुवात तिथून करावी लागेल आणि होम्स-वॉटसनची पहिली भेट, जी १८८७ च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये आहे, ती नंतर येईल. त्यात होम्सच्या लेखकानं, डॉइलनं, स्वतःच तारखा सांभाळलेल्या नाहीत. वॉटसनची गोळीची जखम एका पुस्तकात खांद्याला आहे, पुढच्यात पायाला. अशा ठिकाणी गोष्टीचा क्रम लावणार कसा?

टिळकवाडीची आई
दादा, होम्सपुरतं मान्य. पण सगळीकडे तोच नियम लावू नका. माझी मुलगी सहावीत आहे, इंग्रजी माध्यम. तिला नार्नियाचा सात पुस्तकांचा संच भेट मिळाला. त्यावर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला एक नंबर आहे. ते निघालं १९५५ मध्ये, म्हणजे सहावं. पण ते जग तयार कसं झालं हे त्यात असल्यामुळे पोरगी तिथून सुरू झाली आणि सातवं संपवूनच थांबली. मूल 'मग काय झालं?' असं विचारतं. 'आधी काय छापलं?' असं कुठलं मूल विचारतं? आणि नार्नियाचा लेखक खुद्द लुईस, त्यानं १९५७ मध्ये एका मुलाला पत्र लिहून, आईपेक्षा तुझाच क्रम मला बरा वाटतो असं कळवलं होतं. त्या मुलाचा क्रम गोष्टीचाच होता.

शहापूरकर
ताई, त्याच पत्रात लुईसनं पुढं असंही लिहिलंय की कुठल्याही क्रमानं वाचलं तरी बहुधा फारसं बिघडत नाही. आणि संचावरचे ते नंबर १९९४ पासूनचे आहेत, लुईस गेल्यानंतर तीस वर्षांनी घातलेले. १९५० चं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' उघडून बघा. अस्लानचं, म्हणजे नार्नियातल्या त्या सिंहाचं, नाव पहिल्यांदा निघतं तेव्हा लेखक सांगतो की तो कोण हे त्या मुलांना तुमच्याइतकंच ठाऊक नव्हतं. 'नेफ्यू' आधी वाचलेल्या मुलाला तर अस्लान ठाऊक झालेला असतो. ते वाक्यच फुकट जातं. आणि बर्फाच्या रानात एकटाच जळणारा तो दिवा! तो तिथं कसा आला हे कळायच्या आधी त्याचं नवल वाटायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

टिळकवाडीची आई
दिव्याचं पटलं. पण मुलीला उलट आनंद झाला होता, 'आई, हा तर तोच दिवा!' म्हणून ओरडली. ओळख पटण्यातही गंमत असते. ती कमी का धरायची?

खानापूरवाला
मी त्या लंपन नावाच्या पोराच्या कथांतलं आधी 'पंखा' वाचलो, मग 'वनवास'. वाचनालयात तेवढंच शिल्लक होतं, काय करणार? क्रम बघत बसलो असतो तर वाचलोच नसतो बघा. कथाच हायत त्या, कादंबरी नव्हं. कुठूनही धरा की.

शहापूरकर
लंपनच्या बाबतीत मात्र मी मागं हटणार नाही. प्रकाश नारायण संतांची चार पुस्तकं: 'वनवास' १९९४, 'शारदा संगीत' १९९७, 'पंखा' २००१ आणि ते गेल्यावर २००४ मध्ये 'झुंबर'. इथं निघाल्याचा क्रम आणि लंपन मोठा होण्याचा क्रम साधारण एकाच वाटेनं जातात. आईवडिलांपासून लांब आजी-आजोबांकडे राहणारं पोर, त्याची मैत्रीण सुमी, त्याचं ते 'मॅड' म्हणणं, याची सवय 'वनवास'मध्ये होते. मग पुढचं दुःख वाचकाला झेपतं. शिवाय ही आपल्या भागातली गोष्ट आहे. त्यातल्या मराठीत कानडी जसं मिसळतं तसंच ते आपल्या घरात मिसळतं. आपल्या मुलांनी तरी ते मधूनच उघडू नये.

निपाणीचे मास्तर (निवृत्त)
तुम्हा दोघांचं वाचलं. माझा मुद्दा वेगळा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे कित्येक मुलं शाळेत कानडी किंवा इंग्रजी माध्यमात, मराठी फक्त घरात. अशा मुलाच्या हातात पहिलं मराठी पुस्तक कुठलं पडतं यावर पुढचं सगळं ठरतं. ते जड गेलं की मूल नुसती मालिका सोडत नाही, मराठी वाचणंच सोडतं. मी वर्गात हे पाहिलंय. एका हुशार पोराला मी आग्रहानं क्रमवार वाचायला लावलं, पहिल्या पुस्तकाच्या विसाव्या पानावर तो थांबला तो थांबलाच. ती चूक माझी होती. म्हणून सुरुवात 'फास्टर फेणे'पासून करू द्या. भा. रा. भागवतांचा हा बन्या फेणे पुस्तकागणिक मोठा होत नाही, कुठलंही आधी घ्या, अडत नाही. दोन-तीन वाचून झाली, जीभ आणि डोळा सरावला, की मग 'वनवास' द्या. तिथून पुढं शहापूरकरांचा क्रम मला मान्य आहे.

कॉलेजरोडवाली
मोठ्यांचा खण असेल तर एक सांगते. नेमाड्यांच्या चांगदेवच्या चार कादंबऱ्या 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' अशाच लावा. पुष्कळजण 'कोसला'ला त्यात एक नंबर देतात. त्यातला नायक पांडुरंग सांगवीकर, चांगदेव पाटील नव्हे. 'कोसला' बाहेर ठेवा.

खानापूरवाला
मास्तरांचं पटलं सर. पण नंबर बघून पोरगं 'एक नाही, मग दोन कशाला' म्हणून रिकाम्या हातानं घरी जाऊ नये. आमच्याकडं पहिला भाग कायम कुणीतरी नेलेलाच असतो. २०२४ ला लंपनची वेबसिरीज आल्यावर तर महिनाभर 'वनवास' परत आलं नाही.

शहापूरकर
हा विचार मी केलाच नव्हता. मग असं करतो. 'फास्टर फेणे'वर नंबर नाही, नुसती हिरवी चिठ्ठी: कुठूनही घ्या. होम्स आणि लंपनवर निघाल्याच्या सालाप्रमाणे नंबर, आणि लंपनच्या चारही पुस्तकांत आतल्या पानावर 'पहिलं मिळालं नाही तरी हे वाच' असं हातानं लिहून ठेवतो. नार्नियावर छापलेले नंबर आहेत तसेच राहू देत, पण 'वॉर्डरोब'वर माझ्याकडून सुरुवातीची खूण म्हणून एक लाल ठिपका. ताई, तुमच्या मुलीला विचारून बघा, तिला तो चालेल का. 'कोसला' वेगळ्या खणात हलवली.

'वनवास'च्या दोन प्रती लागतील हे आत्ता लक्षात आलं. आणि मोजताना कळलं की आमच्याकडे 'पंखा' नाहीच. कुणाकडे जास्तीची प्रत असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगा, खानापूरपर्यंत मी स्वतः न्यायला येईन.