मदत हवी आहे: अ‍ॅनाचा नवरा इतका थंड कसा?

'अ‍ॅना कॅरेनिना' या टॉलस्टॉयच्या कादंबरीचा चौथा भाग नुकताच संपवला, आणि अ‍ॅनाचा नवरा, बडा सरकारी अधिकारी कॅरेनिन, काही केल्या उलगडत नाहीये. (पुढची गोष्ट आधी कळायला नको असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.)

शर्यतीत तिचा प्रियकर व्रॉन्स्की घोड्यावरून पडतो आणि अ‍ॅनाचा चेहरा सगळं बोलून जातो. परतताना बग्गीत ती नवऱ्याला तोंडावर सांगते की तिचं व्रॉन्स्कीवर प्रेम आहे आणि तुमचा मला तिटकारा आहे. यावर हा माणूस काय करतो? मुडद्यासारखा ताठ बसून राहतो! उतरताना तिला हात देतो, बाहेरून सगळं रीतसर दिसलं पाहिजे एवढं बजावतो आणि पीटर्सबर्गला निघून जातो. मग द्वंद्वयुद्ध, घटस्फोट, वेगळं राहणं, एकेक पर्याय तपासून बाद. तिला फ्रेंचमध्ये पत्र, सोबत पैसे. आणि त्याच रात्री शेतांच्या सिंचनाचं सरकारी प्रकरण डोक्यात! इथे मी वैतागून पुस्तक मिटलं होतं.

पुढे तोच माणूस बाळंतपणानंतर मरणाच्या दारात असलेल्या अ‍ॅनापाशी रडतो, व्रॉन्स्कीलाही माफ करतो. टॉलस्टॉयने सोयीसाठी त्याला बदललं, की याची खूण आधी कुठे आहे? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
खूण आहे. तिसऱ्या भागातलं तेरावं प्रकरण काढा. बाईचे किंवा मुलाचे अश्रू त्याला बघवत नाहीत, भान सुटतं. कचेरीतले लोक अर्जदार बायकांना आधीच बजावतात, रडू नका, काम बिघडेल. बग्गीत अ‍ॅना रडू लागली तेव्हा आपलंही काही बाहेर पडेल म्हणून त्याने जिवंतपणाची प्रत्येक खूण दाबून धरली. तो ताठरपणा त्यातून आलाय.

प्रतिसाद २
वरचं मान्य, पण लगेच संत करू नका त्याला. त्याच प्रकरणात त्याला दुखरा दात उपटल्यासारखं हलकं वाटतं, आणि तिला त्रास व्हावा असंही आतून वाटत असतं. माफीच्या प्रसंगाआधी तर 'मी मरतेय' अशी तिची तार मिळाल्यावर तो घरी येतो, ती जिवंत आहे असं कळतं, आणि आपण तिच्या मरणाची किती वाट बघत होतो हे त्याला त्या क्षणी उमगतं. ते वाक्य आधी वाचा, मग रडण्याचा प्रसंग.