लिटरभर आईस्क्रीम, वजन किती?

चारोळी: एक-एक लिटरच्या दोन डब्यांत दीडशे ग्रॅमचा फरक, किंमत मात्र जवळपास सारखी. हलक्या डब्यातलं बशीत काढून ठेवलं तर पातळ होत नाही, फेसाचा गोळा तसाच बसून राहतो. ही भेसळ समजायची का? दुकानात उभ्या उभ्या काय तपासता येईल?

सायसाखर: भेसळ नाही, हवा आहे. मिश्रण गोठवताना त्यात हवा फेटतात, तिला ओव्हररन म्हणतात. थोडी हवा लागतेच, नाहीतर चमचा रुतणार नाही. पण मिश्रणाचं वजन लिटरला साधारण १,१०० ग्रॅम असतं, आणि नियम म्हणतो आईस्क्रीम लिटरला किमान ५२५ ग्रॅम भरलं की पुरे. म्हणजे निम्मा डबा हवेचा असला तरी तो कायद्यात बसतो! मोठ्या अक्षरातल्या मिलीवर जाऊ नका. ग्रॅम छापले असतील तर दर ग्रॅमवर काढा. नसतील तर घरी भरलेला डबा तोला, संपल्यावर रिकामा तोला. ७०० मिलीला ३६८ ग्रॅमच्या खाली आलं तर सरळ तक्रार करा. आपण विचारत नाही म्हणून हे खपतं.

बारीकअक्षर: त्याआधी नाव वाचा. नुसतं 'आईस्क्रीम' असेल तर दुधाचं फॅट किमान १० टक्के हवं. 'फ्रोझन डेझर्ट' असेल तर त्यात वनस्पती तेल असतं, बहुधा पाम. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिलंच पाणी असेल तर दूध पावडरीचं आहे हे ओळखावं. आणि बशीतल्या गोळ्यावरून साय की तेल हे ठरवू नका. तो घटकांच्या यादीत ४७१, ४१२, ४०७ असे आकडे असतात त्या इमल्सिफायर-स्टॅबिलायझरमुळे (फॅट-पाणी एकजीव ठेवणारे आणि दाटपणा देणारे पदार्थ) टिकतो, आणि ते आईस्क्रीम-फ्रोझन डेझर्ट दोन्हींत चालतात.

खडेमीठ: झाकणाखाली बर्फाची पापुद्री किंवा कडेने आक्रसलेला गोळा दिसला तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलाय. तो घेऊ नका, खाताना बर्फ कचकचतो.

घरी करायचं तर ६ टक्के फॅटचं १ लिटर दूध, २५ टक्क्यांची ४०० मिली क्रीम, २२० ग्रॅम साखर. फॅट १० टक्क्यांच्या आसपास येतं. नुसतं दूध आटवून फॅट वाढवायला जाऊ नका, दुधातली साखरही दाट होते आणि जिभेला वाळू लागते. मिश्रण उकळून रात्रभर फ्रिजमध्ये गार करा. पॉट दोन तृतीयांशच भरा, फुगायला जागा लागते. पाच किलो बर्फाला एक किलो खडे मीठ. मीठ जास्त झालं की कडेला दगड आणि मध्ये पातळ राहतं. आंब्याचा रस घालायचा असेल तर क्रीम थोडी वाढवा, रसाने फॅटचं प्रमाण उतरतं.